जुन्या पिकअप ट्रकमध्ये बकेट आसने बसवणे

जुन्या पिकअप ट्रकमधील मूळचे सलग, बाकासारखे आसन काढून त्या जागी चालक व सहप्रवासी यांच्यासाठी दोन स्वतंत्र, खोलगट आसने बसवण्याच्या कामाला बकेट आसनबदल असे म्हणतात. ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेत रूढ आहे. तेथे १९५० ते १९८० या दशकांत तयार झालेले शेवरोले, फोर्ड, डॉज इत्यादी कंपन्यांचे पिकअप ट्रक छंद म्हणून किंवा रोजच्या वापरासाठी दुरुस्त करून चालवले जातात. वरवर पाहता हा केबिनच्या सजावटीतील बदल वाटतो. परंतु आसन हा वाहनाच्या सुरक्षाव्यवस्थेचा भाग असतो. टक्कर झाल्यास प्रवाशाच्या शरीराचा भार सीट बेल्ट, आसन, रूळ, बोल्ट आणि केबिनचा पत्रा यांना मिळून पेलावा लागतो. यांपैकी एक भाग जरी निकामी ठरला, तरी इतरांच्या मजबुतीचा उपयोग उरत नाही.

पार्श्वभूमी

पिकअप ट्रक हे मुळात शेती, बांधकाम आणि मालवाहतूक यांसाठीचे वाहन होय. केबिनच्या पूर्ण रुंदीचे सलग आसन तयार करण्यास स्वस्त पडे, त्यावर तिघे जण बसू शकत आणि चालकाला दोन्हींपैकी कोणत्याही दाराने सहज चढता-उतरता येई. त्यामुळे अनेक दशके हेच आसन पिकअप ट्रकमध्ये प्रमाण मानले गेले. ते बहुधा पोलादी चौकट, स्प्रिंगा आणि रेक्झिनसारखे आच्छादन यांचे बनलेले असे. त्याची पाठ खांद्यांपर्यंतच पोहोचत असे व डोक्याला आधार नसे.

बकेट आसने प्रथम क्रीडामोटारींत रूढ झाली. अमेरिकेत १९६० मधील शेवरोले कॉर्व्हेअर मोंझा आणि १९६४ मधील फोर्ड मस्टँग या मोटारींमुळे ती सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचली. त्याच सुमारास पिकअप ट्रकच्या उत्पादकांनीही हा प्रयोग केला. डॉजने १९६४ मध्ये ‘कस्टम स्पोर्ट्स स्पेशल’ या आवृत्तीत बकेट आसने दिली, तर शेवरोलेच्या १९६७ च्या नव्या पिढीतील ‘कस्टम स्पोर्ट ट्रक’ या प्रकारात ती उपलब्ध होती. तरीही त्या काळातील बहुसंख्य ट्रक सलग आसनाचेच राहिले. आज होणारे आसनबदल मुख्यतः अशाच ट्रकांमध्ये केले जातात.

बदलाची कारणे

चाळीस-पन्नास वर्षांत मूळ आसनाच्या स्प्रिंगा खचतात, गादी दबते आणि चौकटीला गंज चढतो. सलग आसन पुढे-मागे सरकवता येत असले, तरी ते संपूर्णच सरकते; त्यामुळे उंच चालक आणि ठेंगणा सहप्रवासी यांची एकाच वेळी सोय होत नाही. वळणावर शरीराला बाजूने आधार मिळत नाही. स्वतंत्र आसनात पाठीचा कल, उंची व अंतर प्रत्येकाला आपापल्या सोयीने ठरवता येते.

डोक्याचा आधार हे दुसरे महत्त्वाचे कारण आहे. मागून धडक बसल्यास आधाराअभावी डोके झटक्याने मागे जाते व मानेला इजा होते. अमेरिकेत प्रवासी मोटारींसाठी पुढील आसनांवरील डोक्याचा आधार १ जानेवारी १९६९ पासून सक्तीचा झाला. हलक्या ट्रकांना मात्र ही सक्ती १ सप्टेंबर १९९१ पासून लागू झाली. लहान केबिनच्या ट्रकमध्ये चालकाच्या डोक्यामागे थोड्याच अंतरावर मागील काच असते. त्यामुळे तेथे ही उणीव अधिक गंभीर ठरते.

या बदलाची किंमतही असते. मधली तिसरी जागा जाते आणि वाहनाची आसनक्षमता तीनवरून दोनवर येते.

आसनांची निवड

बदलासाठीची आसने तीन प्रकारे मिळवली जातात: त्याच ट्रकच्या मूळ बकेट आवृत्तीतील जुनी आसने, सुट्या भागांच्या उत्पादकांनी तयार केलेली नवी आसने, आणि भंगारात निघालेल्या अलीकडच्या वाहनांतील आसने. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त असल्याने लोकप्रिय आहे, परंतु त्यातच अडचणीही अधिक आहेत.

आधुनिक आसनाचे पाय ज्या वाहनातून ते काढले, त्याच्या तळाच्या आकारानुसार घडवलेले असतात. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, एक बाजू उतरती अशी त्यांची रचना असते. जुन्या ट्रकच्या तळावर ते सरळ बसत नाहीत. अशा आसनाच्या पाठीत बाजूची हवापिशवी असू शकते. तिच्या जोडणीला साधा विद्युत मीटर लावल्यासही ती उघडण्याचा धोका असतो. म्हणून असे आसन हाताळणे हे प्रशिक्षित व्यक्तीचे काम मानले जाते.

काही आसनांमध्ये सीट बेल्ट केबिनच्या खांबाला न जोडता आसनाच्या पाठीतच बसवलेला असतो. १९९९ पासूनच्या शेवरोले सिल्व्हराडो ट्रकच्या वाढीव केबिनमधील पुढील आसने याच प्रकारची आहेत. सीट बेल्टसाठी वेगळा खांब शोधावा लागत नाही म्हणून ती जुन्या ट्रकसाठी सोयीची वाटतात. प्रत्यक्षात टकरीच्या वेळी प्रवाशाचा संपूर्ण भार आसनाच्या पायांतून तळावर येतो. मूळ ट्रकचा तळ त्यासाठी मुद्दाम मजबूत केलेला असतो. जुन्या ट्रकचा तळ तसा नसतो.

मांडणी आणि मोजमाप

आसनाचा मध्य स्टिअरिंग चक्राच्या व पेडलांच्या मध्याशी जुळावा लागतो. तो दाराकडे किंवा आतल्या बाजूला सरकल्यास चालकाला सतत कंबर वाकवून बसावे लागते. उंचीचे मापही तितकेच महत्त्वाचे आहे. जुन्या ट्रकमधील सलग आसन बऱ्यापैकी उंच असे. मोटारीतील ठेंगणे आसन तसेच बसवले तर पुढचा रस्ता नीट दिसत नाही, आणि चौकटीवर फार उंच चढवले तर डोके छताला लागते.

मधल्या भागात गिअरबॉक्सवरील उंचवटा आणि तळातून वर येणारी गिअरची दांडी यांसाठी जागा सोडावी लागते. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या ट्रकमध्ये दुसरी दांडीही असते. या दांड्यांच्या सर्व स्थितींमध्ये त्या आसनाला अडणार नाहीत, हे पाहणे आवश्यक असते.

आसनाचे दोन्ही रूळ एकमेकांना समांतर आणि एकाच पातळीत असणे ही आणखी एक अट होय. दोन्ही रुळांवर स्वतंत्र खटका असतो व दोन्ही खटके एकाच दांडीने उघडतात. तळ असमान असल्यामुळे रूळ पिळले गेले, तर आसन अडकत सरकते किंवा एका बाजूचा खटका पूर्ण बसत नाही. असे आसन ब्रेक दाबताना अचानक पुढे सरकू शकते.

भार आणि जोडणी

टकरीतील बलाची कल्पना साध्या गणिताने येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन अडथळ्यावर आदळून प्रवासी सुमारे ६० सेंटीमीटर अंतरात थांबला, असे मानल्यास सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १६ पट येते. ७५ किलो वजनाच्या व्यक्तीला रोखण्यासाठी अशा वेळी सुमारे १,२०० किलो वजनाइतके बल लागते. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानकांनुसार आसनाच्या जोडणीला आसनाच्या स्वतःच्या वजनाच्या २० पट बल पुढील व मागील दिशेने सहन करता आले पाहिजे. सीट बेल्ट आसनालाच जोडलेला असल्यास त्याचा भारही त्याच वेळी पेलावा लागतो.

याउलट केबिनचा तळ सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा असतो. बोल्ट कितीही मजबूत असला तरी त्याखालचा पत्रा फाटून बोल्ट त्यातून उपटून येऊ शकतो. यासाठी पत्र्याच्या खालच्या बाजूने पोलादी आधारपट्टी लावली जाते. मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत आसनाच्या प्रत्येक जोडणीसाठी किमान ४० चौरस सेंटीमीटर संपर्कक्षेत्र, ३ मिलिमीटर जाडीचे पोलाद आणि किमान ८ मिलिमीटर व्यासाचे बोल्ट सांगितलेले आहेत. तीन सेंटीमीटर व्यासाच्या साध्या वॉशरचे क्षेत्र जेमतेम ६ चौरस सेंटीमीटर भरते, यावरून दोहोंतील फरक लक्षात येतो. हे नियम रस्त्यावरील वाहनांना लागू नसले, तरी अनेक कारागीर त्यांचा आधार घेतात.

जुन्या ट्रकचा तळ बहुधा कडेने आणि पायपुसण्याखाली गंजलेला असतो. रंगाखाली तो धडधाकट दिसतो, पण हातोडीने ठोकल्यावर किंवा टोकदार अवजाराने टोचल्यावर खरी स्थिती कळते. गंजलेल्या पत्र्यावर आधारपट्टीचाही उपयोग होत नाही. तो भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो. उंची साधण्यासाठी वॉशरांची चळत किंवा लाकडी ठोकळे वापरणे घातक ठरते, कारण त्यामुळे बोल्टवर वाकवणारा ताण येतो. त्याऐवजी पोलादी नळ्यांची किंवा जाड पट्ट्यांची स्वतंत्र चौकट बनवली जाते.

आसन आणि सीट बेल्ट या दोहोंची जोडणी केबिनलाच असावी, असेही सांगितले जाते. पिकअप ट्रकची केबिन रबरी आधारांवर चासीला जोडलेली असते व टकरीत ती चासीच्या तुलनेत हलू शकते. आसन केबिनला आणि पट्टा चासीला जोडल्यास त्या हालचालीत पट्टा एकाएकी ताणला किंवा सैल होऊ शकतो.

सीट बेल्ट

कंबरेचा पट्टा ओटीपोटावर नव्हे, तर कटीच्या हाडांवर बसला पाहिजे. त्यासाठी पट्ट्याने क्षितिजसमांतर रेषेशी केलेला कोन महत्त्वाचा असतो. अमेरिकी मानकांत तो ३० ते ७५ अंशांच्या दरम्यान ठेवण्यास सांगितले आहे. नवे आसन मूळ आसनापेक्षा उंच किंवा मागे बसवल्यास जुन्या जोडबिंदूंचा कोन बदलतो. कोन फार कमी, म्हणजे पट्टा फार आडवा झाल्यास टकरीत शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते व पट्टा पोटात रुततो. म्हणून आसनाबरोबर पट्ट्याचे जोडबिंदूही तपासावे लागतात. केवळ कंबरेच्या पट्ट्यासाठीच्या जोडणीने मानकांनुसार ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२६८ किलो वजनाइतके बल सहन करणे अपेक्षित असते.

इंधनटाकी

अनेक जुन्या पिकअप ट्रकांत इंधनटाकी केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागेच असते. शेवरोलेच्या १९७२ पर्यंतच्या ट्रकांत हीच रचना होती. १९७३ च्या नव्या पिढीत टाकी केबिनबाहेर नेण्यात आली. सलग आसनाची पाठ जवळजवळ उभी असल्याने टाकी तिच्यामागे मावत असे. पाठ मागे कलणारे बकेट आसन मात्र टाकीला टेकते आणि त्याचा कल वापरता येत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आगीचा आहे. टाकी केबिनमध्ये असताना तळाला छिद्रे पाडणे किंवा वेल्डिंग करणे अतिशय धोक्याचे असते. रिकामी वाटणारी टाकीही इंधनाच्या वाफेने भरलेली असते आणि ठिणगीने तिचा स्फोट होऊ शकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी टाकी काढून वाहनापासून दूर ठेवली जाते. पुष्कळ मालक याच वेळी टाकी कायमची हलवून मागील हौद्याखाली, चासीच्या दोन तुळयांमध्ये बसवतात. १९६७ ते १९७२ च्या शेवरोले ट्रकसाठी त्याच काळातील ब्लेझर या वाहनाची टाकी वापरण्याची पद्धत आहे.

विद्युत जोडणी आणि आच्छादन

विद्युतचलित आसनाला १२ व्होल्टचा पुरवठा, पुरेशा जाडीची तार आणि स्वतंत्र फ्यूज लागतो. शेवरोले ट्रकांत १९५५ पर्यंत व फोर्ड ट्रकांत १९५६ पर्यंत १२ व्होल्टची प्रणाली आली; त्याआधीच्या ६ व्होल्टच्या ट्रकांत अशी आसने थेट चालत नाहीत. सहप्रवाशाच्या आसनातील वजनमापक संवेदक जुन्या ट्रकमध्ये निरुपयोगी ठरतात.

अमेरिकेत १९७२ पासून वाहनाच्या अंतर्भागातील साहित्य मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा अधिक वेगाने जळू नये, असे मानक लागू आहे. नवे आच्छादन शिवून घेताना वाहनांसाठीचेच कापड व फोम निवडण्यामागे हे कारण आहे.

कायदेशीर बाजू

अमेरिकेतील संघीय सुरक्षा मानके नव्या वाहनांच्या उत्पादकांवर बंधनकारक आहेत. मालकाने स्वतःच्या जुन्या वाहनात केलेल्या बदलांबाबतचे नियम राज्यागणिक भिन्न असतात. परंतु वाहनात मुळात असलेली सुरक्षासाधने निकामी करण्यास उत्पादक, विक्रेते आणि व्यावसायिक दुरुस्तीगृहे यांना संघीय कायद्याने मनाई आहे.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा भिन्न ठरतील, असा बदल मालकाला करता येत नाही. आसनक्षमता हा अशा तपशिलांपैकी एक आहे. त्यामुळे तीन जणांचे आसन काढून दोन बकेट आसने बसवणे हा केवळ सजावटीचा बदल ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

मूळ रूपाचे जतन

संग्राहकांच्या दृष्टीने मूळ आसनासह असलेला ट्रक अधिक मोलाचा मानला जातो. त्यामुळे शक्य तेथे तळाला नवी छिद्रे न पाडता जुन्याच जोडबिंदूंवर मधली चौकट बसवली जाते आणि काढलेले आसन जपून ठेवले जाते. अशा पद्धतीने पुढे केव्हाही मूळ आसन पुन्हा बसवता येते. मात्र जुने जोडबिंदू नव्या आसनाचा आणि पट्ट्याचा भार पेलण्यास अपुरे असतील, तर मूळ रूप राखणे आणि प्रवाशाची सुरक्षा यांतून निवड करावी लागते. अशा वेळी तळाला आधारपट्ट्या देऊन नवे जोडबिंदू करणे किंवा दुरुस्त केलेले मूळ आसनच कायम ठेवणे, हे दोन पर्याय उरतात.