पोरांच्या गटाची खजिनदार

"आई, तुझ्या बचत गटाची जुनी वही कुठंय?"

मागच्या वर्षी मृगाच्या तोंडावरची गोष्ट. मी भाकरी थापत होते. आमचं पोरगं डिप्लोमा करून उमरग्यातच हैदराबाद रोडला गॅरेज चालवतं. काळ्या हातांनी घरात येतं ते फक्त जेवायला. आणि आज चक्क वही मागतंय!

"कशाला रे?"

"आम्हाला एक वस्तू मिळून मागवायचीय. अठरा जण आहोत. सोलापूर, लातूर, कोल्हापूर, पुणे, सगळीकडचे. पण पैसे कुणाकडं ठेवायचे यावरूनच भांडणं चाललीत."

वस्तू कोणती, तर गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर! मैत्रिणींनो, मलाही तुमच्यासारखंच हसू आलं. पण त्याने ताटावर बसून समजावलं ते इतकं सोपं होतं की मी भाकरी टाकायची विसरले. जुन्या मारुतीत पेट्रोल नि हवा मिसळायचं काम कार्ब्युरेटर करायचा. आपल्या सासूबाई चुलीत अंदाजाने लाकूड सरकवायच्या ना, तसं. आताच्या गाड्यांत ते काम एक छोटी डबी करते. इंजिन किती वेगाने फिरतंय, किती हवा आत येतेय, किती तापलंय, हे तारांमधून तिला कळतं आणि ती क्षणाक्षणाला ठरवते, किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची. त्यासाठी तिच्या पोटात पाढ्यासारखा तक्ता असतो. आडव्या १६ ओळी, उभ्या १६, म्हणजे २५६ घरं. प्रत्येक घरात एक आकडा.

कंपनीच्या डबीतले आकडे कंपनीने भरलेले असतात आणि सहसा कुलूपबंद असतात. या पोरांनी तर शर्यतीसाठी जुन्या झेन, एस्टीमची इंजिनं उघडून आतले भाग बदललेले. मग जुने आकडे कसे जुळणार? म्हणून आकडे आपल्याला भरता येतील अशी डबी हवी. तयार घ्यायला गेलं तर किंमत पाच आकडी, कधी सहा आकडीसुद्धा. पण हौशी लोकांनी त्यावर तोड काढलेली आहे. २००१च्या सुमारास अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी 'मेगास्क्वर्ट' नावाची डबी काढली, सुटे भाग घेऊन घरी जोडायची. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जोश स्ट्युअर्टने 'स्पीडुइनो' काढली आणि तिचे नकाशे सगळ्या जगाला फुकट देऊन टाकले. आमच्या पोरांना हीच हवी होती.

"मग एकेकट्याने का नाही घेत?"

"आई, बोर्ड छापणं म्हणजे लग्नपत्रिकेसारखं असतंय. पाच छापा नाहीतर पन्नास, सुरुवातीचा खर्च तेवढाच. भाड्याचं पण तसंच."

हे मात्र मला समजावून सांगायची गरज नव्हती. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ला. सास्तूर, लोहारा हा सगळा आमचाच भाग. मी लग्न होऊन आले ती त्यानंतर दोन वर्षांनी. तेव्हा 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर गावोगावच्या बाया संवाद सहायक म्हणून काम करत होत्या. पडक्या घरांची दुरुस्ती कशी करायची, सिमेंट किती, लोखंड किती, हे घरोघरी सांगायच्या. ज्यांनी कधी पेठेत एकट्याने पाऊल टाकलं नव्हतं त्या बाया! पुढे या भागात बचत गट उभे राहिले. आमचाही झाला. आम्ही बारा जणी दिवाळीचा किराणा सोलापूरहून ठोकात आणायचो आणि मी खजिनदार. तेव्हा मिळून घेण्याचे फायदेही मला माहीत आणि दुखणीही.

वही काढली. पहिल्या पानावर पोरांना लिहायला लावलं : पैसा दोन सह्यांशिवाय हलणार नाही. जोडखातं उघडलं, एक सही माझी, दुसरी सोलापूरच्या एका पोराची. पहिला हप्ता ६,००० रुपये, माल आल्यावर ३,०००. ऑर्डर गेल्यावर पैसे परत नाहीत. मोडका नग निघाला तर नुकसान सगळ्यांचं, ज्याच्या हातात आला त्याचं एकट्याचं नाही. हा शेवटचा नियम पोरांना पटेना. "त्याचं नशीब, काकू!" म्हणाली. मी म्हटलं, मग मिळून घेताय कशाला?

आणखी दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं कुणाकडेच नव्हती. बिल कुणाच्या नावावर? एवढे नग एकाच्या नावावर परदेशातून आणायचे तर 'घरच्या वापरासाठी' म्हणून चालत नाही, आयात-निर्यात कोड लागतो. मग तसा कोड असलेल्या एका दुकानदारामार्फत रीतसर मागवायचं ठरलं. सीमाशुल्क, जीएसटी सगळं हिशेबात धरून. दुसरा प्रश्न : ही डबी लावून गाडी रस्त्यावर चालवता येते का? सगळे गप्प! मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात गाडीत मनासारखे बदल करायला मनाई आहे. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मग लिहून घेतलं : फक्त शर्यतीच्या बंद मैदानावरची गाडी. अठरा सह्या. एकाने तोंड वाकडं केलं, पण केली सही.

१,०८,००० रुपये जमले. ऑर्डर गेली. बोर्ड यायचे होते चीनहून, बारीकसारीक भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. तीन आठवडे म्हणता म्हणता सहा झाले. कागदात कसलीशी त्रुटी निघाली म्हणून पार्सल अडकलं होतं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. कुणीतरी कुणाला म्हणालं, उमरग्याच्या पोराने पैसे वापरले असतील. लेक दोन दिवस जेवला नाही. मी त्याला काही बोलले नाही. रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो काढून अठराही जणांना पाठवायला लागले. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. आकडे बदलले नाहीत तरी पाठवायचे. चौथ्या दिवशी एकाचा फोन, "काकू, आता नका पाठवू, लाज वाटतेय." मी पार्सल येईपर्यंत पाठवत राहिले.

त्यातच कळलं, लातूरच्या पोराची आई दवाखान्यात आहे. त्याने स्वतः पैसे मागितले नव्हते. नियम माहीत होता ना! नियम लिहायला लावला मीच. पण मला आमच्या गटातली एक अक्का आठवली. एका दिवाळीला तिचे पैसे थकले म्हणून आम्ही तिची पिशवी अडवून ठेवली होती. बरोबर नियमाप्रमाणे. ती पुन्हा कधी बैठकीला आली नाही. रस्त्यात भेटली तरी मान खाली घालून जायची, आणि खरं तर मान मी घालायला हवी होती.

मी बाकीच्या सतरा जणांना विचारलं. प्रत्येकी ३५३ रुपये काढले की त्याचे ६,००० परत देता येतात आणि ते पाकीट गटाचं, जादाचं म्हणून राहतं. एकानेही नाही म्हटलं नाही. ज्याने संशय घेतला होता त्याने सगळ्यात आधी पाठवले. एक रुपया वर उरला, तो मी जमेला धरला.

पार्सल आलं तेव्हा आमच्या ओसरीवर पाकिटं भरायला सहा पोरं बसली होती. गव्हाच्या परातीत ही एवढीएवढी रंगीत दाण्यांसारखी भागांची रास! मी मोजायला बसले, कारण मोजण्यात पोरं कच्ची. शेवटी हिशेब झाला : एकूण जमा १,५९,००१, खर्च १,५५,२१०. उरलेले ३,७९१ सतरांत वाटले, प्रत्येकी २२३. पोरं म्हणाली, "काकू, तुम्ही साडी घ्या." मी म्हटलं, खजिनदाराने साडी घेतली की गट बुडतो!

पहिलं इंजिन आमच्याच गॅरेजात सुरू झालं, रात्री अकराला. लॅपटॉपवर आकडे बदलत चार तास खोकत होतं, मग एकदम सुरात लागलं. शेजारच्या वैनी उठून आल्या, "काय झालं, ट्रक घुसला काय?"

अठरावं पाकीट माझ्या कपाटात, गटाच्या जुन्या रबरी शिक्क्याशेजारी होतं. गेल्या महिन्यात लातूरहून फोन आला. आई आता बरी आहे, स्वयंपाकही करते म्हणाला. मग जरा थांबून, "काकू, माझं पाकीट आहे का अजून?"

"आहे की. पण पैसे वहीत लिहून, पावती घेऊनच न्यायचं. आणि आईला घेऊन ये."

येत्या रविवारी येतायत दोघं.