मालवलेला दिवा, विझलेला दिवा

आमच्या कचेरीच्या मागील दालनात आठ होल्डर ठोकलेली एक लाकडी फळी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. तिच्यावरचे दिवे, कोणी हात न लावता, दिवसभर पेटतात, मंदावतात, पिवळसर होतात, पुन्हा पांढरे होतात आणि मालवले जातात. आणि त्या प्रत्येक फेरफाराची नोंद शेजारच्या संगणकात वेळेसह रुजू होत राहते. दिवे आणि बटणपट्ट्या तयार करणाऱ्या पुण्यातल्या एका मध्यम कारखान्यात माझे काम असे, की दिवा म्हणजे काय, तो कोणते हुकूम मानतो आणि विचारल्यावर स्वतःविषयी काय सांगतो, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहून काढावयाचे. ऐकणाऱ्याला हा उद्योग रिकामटेकडेपणाचा वाटतो. माझे सासरे मात्र हयातभर तलाठी होते, सारा तपशील शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे दिव्याचा सातबारा." त्याहून नेमके वर्णन मला अद्याप सुचलेले नाही.

गाव नमुन्याचे रकाने ठरलेले असल्यामुळे एका तालुक्यातल्या कारकुनाला दुसऱ्या तालुक्यातला उतारा विनासायास वाचता येतो; घरगुती दिव्यांच्या बाबतीत असा शिरस्ता नव्हता. कोणी तेज ० ते १०० मोजी, कोणी ० ते २५५, कोणी १० ते १०००; आणि परिणामी एकाचे बटण दुसऱ्याच्या दिव्याशी अबोला धरून बसे. १८ डिसेंबर २०१९ रोजी ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स यांनी सामायिक प्रमाण ठरविण्याचे जाहीर केले, २०२१ मध्ये त्याला 'मॅटर' हे नाव मिळाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. दिव्याचे बहुतेक रकाने झिगबीच्या जुन्या दप्तरातूनच उचललेले आहेत: पेटण्या-मालवण्याचा क्लस्टर, म्हणजे रकान्यांचा गट, क्रमांक ६, तेजाचा ८, रंगाचा ७६८. आमच्या कारखान्याचे जुने रकाने या नव्या नमुन्यात बसविणे, हे माझ्या वाट्याला आले.

पहिली हरकत शून्यावरच आली. आमच्या जुन्या नमुन्यात तेज शून्य म्हणजे दिवा बंद. नव्यात दिव्याचे तेज १ पासून २५४ पर्यंतच चालते, शून्याला तेथे प्रवेश नाही, कारण मालवणे ही तेजाची एक पायरी नसून निराळीच अवस्था आहे, आणि मालवलेल्या दिव्यालाही आपले आधीचे तेज स्मरणात ठेवता आले पाहिजे. या भेदाचे मोल मला प्रथम कळले नाही. फळीवरचा दिवा ८० वर ठेवून मालवला, पुन्हा पेटविला आणि तो निमूटपणे ८० वरच आला, तेव्हा कळले. रंगाच्या उष्णतेचा हिशेब याहून चमत्कारिक आहे. दुकानदार केल्विन बोलतो, नमुना मायरेड बोलतो, म्हणजे दहा लाखांना केल्विनने भागून येणारा आकडा. २७०० आणि २८०० यांतला फरक डोळ्याला जितका जाणवतो तितका ६००० आणि ६१०० यांतला जाणवत नाही, आणि मायरेडमध्ये पहिला फरक १३ चा तर दुसरा जेमतेम ३ चा पडतो, म्हणून ही योजना डोळ्याशी इमान राखणारी आहे. परंतु पूर्णांकाची सक्ती असल्यामुळे खोक्यावर ६५०० छापलेला दिवा १५४ मायरेड म्हणून नोंदला जातो आणि फोनच्या पडद्यावर ६४९४ केल्विन होऊन परत येतो. या सहा केल्विनांविषयी आलेल्या तक्रारी मी स्वतः वाचल्या आहेत.

एक संपूर्ण दुपार मात्र आम्ही एकाच प्रश्नावर घालविली. दिवा मालवलेला असताना कोणी तेजाची पट्टी वर सरकवली, तर दिव्याने काय करावे? एक सहकारी म्हणाले, पेटावे. माणसाला उजेड हवा आहे हे उघड आहे. दुसरे म्हणाले, मुळीच नाही. रात्री मुलाच्या खोलीतले तेज निजण्यापूर्वी कमी करून ठेवणाऱ्या आईला दिवा पेटलेला नको असतो. प्रमाणात या दोघांचीही सोय आहे, हे आम्हाला दोन चहांनंतर उमगले. तेज बदलण्याचे हुकूम तेथे जोडीने येतात. एक जुन्या ट्रान्झिस्टरच्या बटणासारखा: फिरवू लागताच 'टक्' होऊन यंत्र सुरू, आणि तळाशी नेले की बंद. दुसरा निव्वळ तेजाचा. तो मालवलेल्या दिव्याने एरवी कानाआड करावा, पण तशी परवानगी दिलेली असल्यास पंख्याच्या रेग्युलेटरप्रमाणे वागावे, म्हणजे पंखा बंद असतानाही रेग्युलेटर फिरतो आणि मग खटका दाबला की पंखा त्या गतीने चालू लागतो. ट्रान्झिस्टर आणि रेग्युलेटर हे शब्द आम्ही त्या दिवसापासून बैठकीत सर्रास वापरतो. इंग्रजी मसुद्यातली नावे फक्त लिहिताना.

खरी अडचण निराळीच होती आणि ती नाशिकच्या एका गृहस्थांच्या पत्राने आली. पहाटे तीनच्या सुमारास गेलेली वीज परत आली आणि घरातले, आमच्या कारखान्याचे चौदाच्या चौदा दिवे पूर्ण तेजाने पेटले. तान्हे मूल उठले, म्हातारे आई-वडील उठले, आणि पत्राचा सूर त्यास अनुरूप होता. वास्तविक दिव्याचा अपराध काहीच नव्हता. मराठीत दिवा मालवणे निराळे आणि दिवा विझणे निराळे. मालवणारा कोणीतरी असतो, विझण्याला कर्ता लागत नाही. दिव्याला हा भेद कळावयाला मार्ग नाही. भिंतीवरचे बटण कोणी बंद करो, की सबंध पेठेची वीज जावो, त्याच्या दृष्टीने घडते ते एकच: तारेतला प्रवाह थांबतो. आणि प्रवाह परत येतो तेव्हा कोणी अंधारात चाचपडत बटण दाबले, की वीज मंडळाच्या माणसाने फ्यूज बसविला, हेही त्याला सांगता येत नाही. म्हणून प्रमाणात एक रकाना ठेवला आहे: वीज आल्यावर मालवलेले राहावे, पेटावे, पूर्वीच्या उलट व्हावे, किंवा रकाना रिक्त असेल तर पूर्ववत व्हावे. (तेजाच्या रकान्यात हाच रिक्तपणा 'तूर्त माहीत नाही' या अर्थी येतो. एकाच दस्तऐवजात कोऱ्या जागेला दोन अर्थ देणाऱ्यास सासऱ्यांनी खासच ताकीद दिली असती.)

कारखान्यातून दिवा निघताना या रकान्यात काय असावे, यावर मी 'पूर्ववत'चा पक्ष घेतला आणि हरलो. मुलाने फोनवरून दिवा मालवला, मग आजीने सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले. रात्री उठून तिने ते पुन्हा दाबले तर 'पूर्ववत' म्हणजे अंधारच, आणि सकाळी वायरमनला बोलावणे. या युक्तिवादाला मजजवळ उत्तर नव्हते. 'पेटावे' हेच कायम झाले. नाशिकच्या गृहस्थांना तो रकाना कोठे व कसा बदलावयाचा ते सविस्तर कळविले.

गेल्या महिन्यात फळीवर रात्रभराची चाचणी लावून आम्ही घरी गेलो. सकाळी पाहतो तो सारा तक्ता लाल. रात्री नऊनंतर आठांपैकी एकाही दिव्याने हजेरी दिलेली नाही. संगणकापाशी मात्र प्रत्येकाची अखेरची नोंद 'पेटलेला' अशीच, आणि फळी काळोखात. साफसफाई करणाऱ्या मावशींनी जाताना भिंतीवरचे बटण बंद केले होते. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "कुणी नाही आणि दिवे जळतायत, म्हणून मालवले." त्या बटणावर आता चिकटपट्टी आहे, शेजारचे ट्यूबचे बटण मोकळे ठेवले आहे, आणि ते त्या न चुकता बंद करून जातात.