उतारावरचा मिनी ट्रॅक्टर: लहान म्हणून बिनधोक नाही

कोकणातल्या आंब्याच्या बागांपासून जुन्नरच्या डोंगरउतारांपर्यंत मिनी ट्रॅक्टर पोहोचला आहे. दोन ओळींमधून तो सहज जातो, थोड्या जागेत वळतो. त्यामुळेच अनेकांना वाटतं, एवढंसं यंत्र, ते कशाला पलटी होईल?

खरं तर उलटं आहे. बागेत मावावा म्हणून याची चाकं जवळजवळ बसवलेली असतात, आणि आडव्या उतारावर तोल टिकतो तो मुख्यतः चाकांमधल्या अंतरावर. त्यात पुढचा अॅक्सल मधल्या एका पिनवर डुलतो. खाचखळग्यांत चारही चाकं जमिनीला टेकावीत म्हणून ही सोय असते, पण ट्रॅक्टर कलू लागला की पुढची चाकं त्याला लगेच अडवत नाहीत. दिसायला चार चाकं असली तरी तोल तीन बिंदूंवर उभा असतो. समजा, दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये 80 सेंटिमीटर अंतर आहे आणि उतार 15 अंशांचा आहे. वरच्या बाजूचं मागचं चाक 15 सेंटिमीटरच्या दगडावर चढलं की ट्रॅक्टरचा कल एका क्षणात 26 अंशांच्या आसपास जातो. गवतात लपलेला दगड चालकाला दिसतही नाही. म्हणून अनोळखी उतार आधी पायी फिरून पाहावा, शक्यतो आडवं न चालवता वर-खाली चालवावं, मागचं अवजार खाली ठेवावं. तरीही ट्रॅक्टर कलू लागलाच, तर स्टिअरिंग उताराच्या दिशेनं वळवावं. वरच्या बाजूला वळवलं तर तो उलटण्याचा धोका वाढतो.

उतरताना गिअर काढून न्यूट्रलमध्ये सोडला की डिझेल वाचतं, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. गिअरमध्ये असताना इंजिन चाकांना धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून ठेवल्यावर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि मागे भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत राहते. खालचा गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा. वेग आल्यावर टाकायला गेलात तर तो पडेलच असं नाही. डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक शेतात वळण्यासाठी वेगळे असतात. उतारावर जाण्याआधी दोन्ही पेडल खटक्यानं जोडावीत. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि आडवा होतो.

फोर व्हील ड्राइव्ह असला की कुठलाही चढ चढता येतो, असं म्हणतात. पकड वाढते हे खरं, उतरताना पुढच्या चाकांनाही इंजिनाचा धरबंध मिळतो. पण वजन जिथे होतं तिथेच राहतं. पकड जास्त म्हणून माणूस आणखी तीव्र उतारावर जातो, धोका तिथेच आहे.

चढावर रुतलेला ट्रॅक्टर जोर लावून बाहेर काढण्याच्या नादात मागे उलटतो. मागची चाकं अडकली की इंजिनाची ताकद चाकं फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचं तोंड वर उचलते, आणि एका सेकंदाच्या आत सावरण्याची वेळ निघून जाते. ओढण्याची साखळी टॉप लिंकला किंवा अॅक्सलला बांधली तर हे आणखी लवकर घडतं. साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी, आणि रुतलेला ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये काढावा.

‘पलटी होताना उडी मारू’ हाही भ्रमच. तेवढा वेळ मिळत नाही, आणि मिळाला तरी माणूस बहुधा यंत्र पडतं त्याच बाजूला पडतो. चालकामागची सुरक्षा चौकट, म्हणजे रोलबार, यासाठीच असतो. स्वीडननं 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरना तो सक्तीचा केला आणि पुढे तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू खूपच कमी झाले. रोलबार उभा असेल तर पट्टा लावायलाच हवा, नाहीतर माणूस चौकटीबाहेर फेकला जातो. रोलबार नसेल किंवा मांडवाखाली जाण्यासाठी दुमडला असेल, तर मात्र पट्टा लावू नये. असा ट्रॅक्टर उतारावर नेऊच नये. मडगार्डवर बसणाऱ्याला तर चौकटही नाही आणि पट्टाही नाही. त्याला आधी खाली उतरवावं, मगच ट्रॅक्टर चढाला लावावा.