वापरलेली ‘स्टायर ऑग’ घेताना

ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९७७ मध्ये स्वीकारलेल्या या बुलपप रायफलचे मॅगझिन चापाच्या मागे, दस्त्यात बसते; म्हणून ५०८ मिलिमीटरची नळी असूनही एकूण लांबी ७९० मिलिमीटरच भरते. अमेरिकेत १९८९ च्या आयातबंदीआधी आलेल्या नगांना संग्राहक चढा भाव देतात. नुसत्या नेमबाजीसाठी तो मोजण्यात अर्थ नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी काढावी आणि उजेडाकडे धरावी: झिजलेले आटे, गंजाचे डाग लगेच दिसतात. दस्त्याला तडे नाहीत ना, तेही पाहावे. चाप जड, गुळमुळीत लागतो. तो बिघाड नव्हे, चापाला मागच्या यंत्रणेशी जोडणाऱ्या लांब दांड्याची ती खोडच. डावखुऱ्यांना डाव्या बाजूचा बोल्ट वेगळा घ्यावा लागतो, आणि एआर-१५ ची मॅगझिन घेणाऱ्या ‘नाटो’ दस्त्यात तीही सोय नाही.