मुक्या जिवांचा हिशेब

पावसाळ्यात सोयाबीनच्या खुरपणीला गेलेल्या बाईला साप डसतो. दवाखान्यात प्रतिविषाची कुपी फोडली जाते. या कुपीमागे घोडा असतो, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण उंदीरही असतो. एक मिलिलिटर औषधानं नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी व्हायला हवं, असा आपल्याकडे दंडक आहे. ते झालं की नाही, हे पांढऱ्या उंदरांवर तपासतात.

हे उंदीर राहतात कुठं? प्रत्येक प्रयोगशाळेनं आपापले चार पिंजरे ठेवायचे म्हटलं, तर खर्च झेपत नाही आणि जनावरांचे हाल होतात. म्हणून अनेक संशोधकांना मिळून एकच प्राणिगृह असतं. पुण्याच्या आयसर संस्थेत असं राष्ट्रीय केंद्र आहे.

सामायिक विहिरीचं जे, तेच इथलं. एकानं घाण केली की सगळ्यांचं पाणी नासतं. एका संशोधकाच्या आजारी उंदरामुळं दुसऱ्याची वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते. म्हणून नवे प्राणी आधी वेगळे ठेवतात. माणसांनीही स्वच्छ खोलीकडून संसर्गाच्या खोलीकडं जायचं, उलटं नाही. काही उंदीर तर पहारेकरी म्हणूनच ठेवलेले असतात. त्यांची ठरावीक काळानं तपासणी होते. रोग शिरला असेल तर तिथं कळतो. बारा तास उजेड, बारा तास अंधार, बावीस अंशांच्या आसपास तापमान आणि सतत खेळती हवा लागते. वीज गेली की हे सारं कोलमडतं. पिंजरे धुवायला पाणीही भरपूर लागतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्या भागात असं केंद्र काढायचं, तर इमारतीच्या आधी पाण्याची आणि विजेची सोय पाहावी लागेल.

रसेल आणि बर्च या दोघा शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन गोष्टी सांगितल्या: प्राण्याशिवाय भागत असेल तर प्राणी वापरू नका, वापरलेच तर कमीत कमी वापरा, आणि त्यांच्या वेदना कमी करा. सामायिक नोंदवही नीट ठेवली, तर एकाकडचे जादा उंदीर दुसऱ्याच्या कामी येतात आणि तेवढे जीव वाचतात.

आपल्याकडे १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम आहेत. प्रत्येक संस्थेला नैतिक समिती नेमावी लागते. तिच्यात शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो आणि विज्ञानाबाहेरचा, समाजाचं भान असलेला एक सदस्यही असतो.

ती खुर्ची मला फार मोलाची वाटते. माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या, कविता लिहिणाऱ्या माणसालाही तिथं बसून विचारता येतं, ‘इतके उंदीर कशाला? कमी चालणार नाहीत का?’ प्रश्न साधा आहे. पण ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीनं तो कुणीतरी विचारायलाच हवा. कुपीनं वाचलेल्या त्या बाईचंही त्यात देणं आहे आणि आपलंही.