सुटीतले संशोधन

मे महिन्याची सुटी म्हणजे आंबे, काजू आणि लग्ने, हा आपला ठरलेला हिशेब. परंतु पदवीनंतर पुढे शिकू इच्छिणाऱ्याला हीच सुटी संशोधनाची पहिली शाळा ठरू शकते. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून निवडक विद्यार्थ्यांना दोन महिने शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करण्यासाठी शिष्यवृत्ती देतात. ही योजना विज्ञानाची. आम्ही वाणिज्यवाले तिच्या बाहेर.

म्हणून हात बांधून बसावे काय? संशोधनाला प्रयोगशाळाच लागते असे नाही. नेमका प्रश्न आणि मार्गदर्शक मात्र लागतो. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली तालुक्याचे किती नुकसान झाले, हा प्रश्न दोन महिन्यांत मावणार नाही. एका गावातील वीस ट्रकमालकांनी कर्जाचे हप्ते कसे फेडले, हा मावेल. पेडण्यात २०२३ पासून मोपाहून विमाने उडू लागली. जवळच्या दुकानांचे गिऱ्हाईक बदलले काय? प्रश्न असा लहान करून देणे, हेच मार्गदर्शकाचे पहिले काम.

ट्रकमालकाशी मराठी-कोकणीत आणि मजुराशी कन्नडमध्ये बोलता येणे, हे आपले भांडवल आहे.

यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार चौथ्या वर्षी संशोधन घेण्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. गुणांनी दार उघडेल. पण आत गेल्यावर विचारायचे काय, याची सवय आधीच हवी. तेव्हा मित्रहो, परीक्षा संपण्यापूर्वीच आपल्या प्राध्यापकांना गाठा.