डांबर आणि पाणंद, दोन्हींना पुरणारी मोटरसायकल

काळ्या मातीच्या पाणंदीत ऐन पावसाळ्यात साधी मोटरसायकल घातली की थोड्याच अंतरावर पुढचं चाक फिरायचं थांबतं. चिकट माती टायरला धरते, टायर ती वर नेतो आणि चाकालगतच्या मडगार्डखाली तिचा गच्च थर बसतो. मग काठी शोधून माती खरवडत बसायचं. ड्युअल-स्पोर्ट मोटरसायकलचं पुढचं मडगार्ड टायरपासून वीतभर उंच, थेट हेडलाइटखाली लावलेलं असतं, ते यासाठी. लांबून पाहणाऱ्याला ती नुसती ऐट वाटते. पण या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग असा कुठल्या ना कुठल्या वाईट वाटेने ठरवलेला आहे.

डांबरी रस्त्याला गाडी बुटकी, वजनाने भारदस्त, कडक स्प्रिंगांची आणि सपाट टायरांची हवी असते. पाणंदीला याच्या अगदी उलट: उंच, हलकी, अरुंद, मऊ स्प्रिंगांची, ठोकळ्यांच्या टायरांची. हे दोन्ही एकाच गाडीत बसवायचं, तिला आरटीओची नंबरप्लेट लावायची आणि सोमवारी तिच्यावरूनच कामाला जायचं, ही यंत्रविद्येची मला वाटणारी मोठी करामत आहे.

ही करामत फार जुनी नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेत वाळवंटात आणि जंगलवाटांवर मोटरसायकल नेणारे लोक रस्त्याच्याच जड गाड्यांचे सायलेन्सर वर उचलून काम भागवत. यामाहाने 1968 साली डीटी-1 ही 250 सीसीची टू-स्ट्रोक गाडी विकायला काढली. ती मुळातच दोन्ही कामांसाठी आखलेली होती. तिच्यापाठोपाठ इतर जपानी कंपन्याही या वाटेला आल्या. वाळवंट पार करणारी पॅरिस-डकारची पहिली शर्यत डिसेंबर 1978 मध्ये निघाली. मोटारी आणि मोटरसायकलींचा निकाल त्या वर्षी एकत्रच लागला आणि यामाहाच्या एक्सटी 500 या एका सिलिंडरच्या गाडीवर सिरिल नेव्हो सगळ्या मोटारींच्या पुढे राहून पहिला आला.

आता पुढच्या चाकाकडे बघा. रस्त्यावरच्या बहुतेक मोटरसायकलींना पुढे 17 किंवा 18 इंची चाक असतं, या गाड्यांना 21 इंची. टायर धरून मोजलं तर 17 इंची चाकाचा व्यास साधारण 59 सेंटिमीटर भरतो, 21 इंचीचा जवळजवळ 70. वाटेत दहा सेंटिमीटर उंचीचा दगड आला की लहान चाक त्याला अधिक उभ्या कोनात धडकतं आणि अडखळतं. मोठं चाक त्याच दगडाला कमी कोनात गाठून वर चढतं. खड्ड्यातही ते कमी खोल उतरतं. शिवाय ते अरुंद असल्याने वरचा पातळ चिखल कापून खालची घट्ट जमीन पकडतं. बैलगाडीच्या चाकोरीत किंवा मुरमाच्या उतारावर हा फरक हातांना लगेच कळतो. किंमत मोजावी लागते ती डांबरावर: घाटातल्या लागोपाठच्या वळणांवर मोठं चाक जरा सावकाश झुकतं. ती किंमत मला अगदीच माफक वाटते.

हे चाक स्पोकचं असतं, कारण स्पोक दगडाचा मार खाऊन किंचित लवतात आणि वाकलेली रिम गावातला कारागीरही बऱ्याचदा सरळ करून देतो. मात्र बहुतेक स्पोकच्या चाकांत ट्यूब असते. तेव्हा टायर काढायचे लिव्हर, पंप आणि एक जादा ट्यूब सोबत हवीच.

चाक वर-खाली व्हायला जागा हवी. हिरो एक्सपल्स 200 मध्ये पुढचं चाक 190 मिलिमीटर, मागचं 170 मिलिमीटर हलू शकतं. इंजिनाखाली 220 मिलिमीटर मोकळी जागा राहते. त्यामुळे सीट मात्र जमिनीपासून 823 मिलिमीटरवर जाते. बेताच्या उंचीचे अनेक जण इथेच माघार घेतात. पण आकडा वाचून निर्णय घेऊ नका. अरुंद सीटवर पाय सरळ खाली उतरतो, रुंद सीटवर तो आधी बाजूला पसरतो. एक तळवा नीट टेकला की पुरतं. खडबडीत वाटेवर तर फूटपेगवर उभं राहूनच चालवायचं असतं.

टायरांचं सोपं आहे. ठोकळे जितके मोठे तितकी चिखलात पकड जास्त आणि ओल्या डांबरावर कमी. रोजचा प्रवास डांबराचा असेल तर मधल्या नक्षीचे घ्या. ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारं एबीएस मात्र नीट पाहून घ्या. सुट्या खडीच्या उतारावर मागचं चाक हवं तेव्हा अडवता आलं पाहिजे, म्हणून मागचं एबीएस बंद करण्याची सोय उपयोगी पडते.

या सगळ्याहून मोठी गोष्ट वजनाची, आणि खरेदीच्या वेळी तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. हिरोची इम्पल्स 2011 साली आली तेव्हा ती 150 सीसीची आणि 134 किलोची होती. 2019 च्या एक्सपल्स 200 चं वजन 155 किलोच्या आसपास. 2023 मध्ये आलेली 452 सीसीची रॉयल एनफिल्ड हिमालयन 40 अश्वशक्तीची, 196 किलोची. पुण्याहून स्पीतीला सामानसुमान आणि मागे जोडीदार घेऊन जायचं असेल तर हिमालयनच घ्यावी. महामार्गावर दिवसभर चालायला तिची ताकद लागते. पण शनिवार-रविवार मावळातल्या, भोर-वेल्ह्याच्या कच्च्या वाटा धुंडाळायच्या असतील तर ते जादा चाळीस किलो ओढ्यात, चढावर, निसरड्या वळणावर सतत आडवे येतात. ताकद कमी पडली तर गिअर खाली घेता येतो. पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान केलं तरी चढ सोपा होतो. वजन कमी करायला असा उपाय नाही. कच्च्या वाटेवर गाडी पडतेच, चांगल्या चालकाचीही पडते, आणि तिथे उचलायला दुसरं कोणी नसतं.

गाडी कुठे न्यायची नाही, हेही ठरलेलं असावं. कास पठार आणि त्याच्यासारख्या सड्यांवरची माती काही ठिकाणी बोटभरच जाड असते. तिथे आणि अभयारण्यात चाक घालू नये. त्या सोडूनही महाराष्ट्रात पाणंदी आणि घाटवाटा पुष्कळ आहेत.

गाडी पसंत पडली की पैसे भरण्याआधी तीच गाडी असलेल्या कुणाला तरी गाठा. त्याच्या परवानगीने ती मातीत हळूच आडवी करा, पेट्रोलची टाकी भरलेली असताना, आणि एकट्याने उचलून बघा. दोनदा उचलता आली तर घ्या.